‘कशाने?’च्या आधी ‘किती वेळाने?’

ॲलर्जीचे रुग्ण विचारतात, “चाचण्या दोन कशाला?” त्याकडे शेवटी येतो. त्याआधी, ते एक वाक्य हमखास बोलतात: “मागच्या वेळी तर काहीच झालं नव्हतं!” त्यांच्या लेखी ही त्या गोळीच्या किंवा पदार्थाच्या निर्दोषपणाची साक्ष असते. प्रत्यक्षात ॲलर्जी व्हायला आधीची एक भेट लागतेच. कधी ती नकळत झालेली असते, एवढंच.

हे पहिल्यांदा नीट कळलं ते एका कुत्र्यामुळे. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच संशोधक 1901 साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडंथोडं टोचलं. विषाची सवय होईल, संरक्षण मिळेल, असा हिशेब होता. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिल्या मात्रेने विशेष काही झालं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा टोचलं, तर काही क्षणांतच त्याला धाप लागली आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. रिशेंनी या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिलं. 1913 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पहिल्या भेटीत शरीर गप्प बसलेलं नसतं. ते त्या पदार्थाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार करत असतं. ही प्रतिपिंडं रक्तात जेमतेम दोन-तीन दिवस टिकतात, पण ‘मास्ट’ नावाच्या रोगप्रतिकारक पेशींवर जाऊन बसली की आठवडेच्या आठवडे हलत नाहीत. (‘मास्ट’ हा जर्मन शब्द, खाऊ घालून पोसण्याचा. दाण्यांनी गच्च भरलेल्या या पेशी शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना खाऊनपिऊन सुखी वाटल्या!) त्या दाण्यांत हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन तयारच असतं. पुढच्या भेटीत ते भसकन बाहेर पडतं. म्हणून अंगावर गांधी, शिंका, घशाची सूज हे सगळं मिनिटांत होतं.

जेल आणि कूम्ब्स या संशोधकांनी 1963 मध्ये अतिसंवेदनशीलतेचे, म्हणजे शरीराच्या अशा अतिरेकी प्रतिक्रियांचे, चार प्रकार पाडले. वर सांगितला तो पहिला. मधले दोन आज सोडून देतो. चौथा मात्र घरोघरी फसवतो. पट्ट्याच्या बकलातलं निकेल किंवा केसांचा कलप यांनी उठणारा इसब हे टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचं काम. त्या जमायला दोनेक दिवस लागतात. खाज आज सुटते आणि खापर आजच्या जेवणावर फुटतं.

“प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी द्या,” अशीही मागणी असते. अहो, ती कमी कुठे आहे? ती चुकीच्या दारावर धडका देतेय.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. श्वास अडकतोय, रक्तदाब कोसळतोय, अशा वेळी ॲलर्जीची नेहमीची गोळी पुरत नाही. ती खाज थांबवेल. श्वासनलिका मोकळी करायला आणि रक्तदाब सावरायला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. त्याने बरं वाटलं तरी रुग्णालय गाठायचंच, कारण काही तासांनी झटका परत येऊ शकतो.

आता मघाचा प्रश्न: चाचण्या दोन कशाला? टोचून केलेली चाचणी आम्ही पंधरा-वीस मिनिटांत वाचतो, कारण तिथे मास्ट पेशींना विचारायचं असतं. टी-पेशींसाठी पाठीवर पट्टी चिकटवतो, ती दोन दिवसांनी काढतो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतो. तोवर पाठ भिजवायची नाही. लोक नेमकी दुसऱ्या दिवशी आंघोळ करून येतात.