आधी टॉर्पेडो, मग तोफा

श्रोतेहो, नमस्कार. विनाशिकांच्या कप्तानांनी लिहिलेल्या आठवणी वाचताना लक्ष साहजिकच तोफांच्या भडिमाराकडे जातं. माझा आग्रह आहे की तोफा कधी गप्प ठेवल्या, ते आधी शोधावं. रात्रीच्या लढाईचे डावपेच तिथेच कळतात.

6 जुलै 1943, दुसरं महायुद्ध. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांमधलं कुला आखात. अमेरिकेच्या 'हेलेना' या क्रूझरकडची, उजेड न पाडणारी दारू आदल्या रात्रीच संपली होती. त्यामुळे तोफ डागली की जहाज उजळून निघे. जपानी विनाशिकांना नेम धरायला तेवढं पुरलं. तीन टॉर्पेडो लागले आणि 'हेलेना' बुडाली. हे टॉर्पेडो 610 मिलिमीटर व्यासाचे, ऑक्सिजनवर चालणारे. पाण्यावर माग जवळजवळ न सोडणारे.

महिन्याभराने, 6 ऑगस्टच्या रात्री, शेजारच्या वेला आखातात अमेरिकेचे कमांडर फ्रेडरिक मूसब्रगर यांनी सहा विनाशिका कोलोंबांगारा बेटाच्या काळोख्या किनाऱ्याला धरून नेल्या. रडारवर चार जपानी विनाशिका सुमारे 18 किलोमीटरवर दिसल्या, तरी तोफा बंदच. टॉर्पेडो सोडतानाचा उजेड झाकणारी टोपणं नळ्यांना बसवलेली. टॉर्पेडोचा स्फोट घडवणारी चुंबकीय कळ बेभरवशाची, म्हणून तीही बंद केलेली. तीन विनाशिकांनी प्रत्येकी आठ, असे 24 टॉर्पेडो सोडले. अंतर पुण्याच्या हिशेबात स्वारगेट ते कात्रज एवढं. सोडल्याबरोबर तिघींनी एकदम 90 अंश उजवीकडे वळण घेतलं, कारण उलट टॉर्पेडो आलेच तर समोर लांब कूस नको, अरुंद नाळ (जहाजाचं पुढचं टोक) किंवा पिछाडीच हवी! उरलेल्या तिघी शत्रूची वाट आडवायला निघाल्या होत्या, तोफा भरून. चार-पाच मिनिटांनी 'हागिकाझे', 'अराशी', 'कावाकाझे' यांच्यावर स्फोट झाले आणि मगच तोफा बोलल्या. तिन्ही बुडाल्या. अमेरिकेचं एकही जहाज गेलं नाही.

चौथी 'शिगुरे' मागे पडल्यामुळे वाचली. तिच्यावर असलेल्या तामेइची हारा यांनी पुढे आठवणी लिहिल्या, म्हणून दुसरी बाजूही कळते. 'शिगुरे'ने वळता वळता आठ टॉर्पेडो सोडले, पण समोरची जहाजं आधीच वळली होती. पुढे गोदीत तिच्या सुकाणूला आरपार भोक सापडलं: टॉर्पेडो न फुटताच त्यातून गेला होता.

दोन्ही बाजूंच्या आठवणी शेजारी ठेवून वाचणार असाल, तर घड्याळं आधी जुळवा. जपानी नोंदी टोकियोच्या वेळेत असतात, अमेरिकन वेळेच्या दोन तास मागे.