गिअरबॉक्स उघडण्याआधी पॅन बघा

श्रोतेहो, नमस्कार.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी उघडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, हत्यारं कुठली लागतील? मी म्हणतो, आधी तेलाचं पॅन खाली उतरवा आणि त्यात काय साचलंय ते नीट बघा. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, चिखलासारखा पातळ थर असेल तर ती नेहमीची झीज. काळा चुरा आणि तेलाला जळका वास असेल, तर गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचमधल्या, पकड धरणाऱ्या फ्रिक्शन प्लेटा जळल्या. पिवळसर चमकणारे कण म्हणजे बुश किंवा वॉशर झिजलेत. आणि लोखंडाचे तुकडे निघाले, तर पुढच्या खर्चाची तयारी ठेवा.

पण प्लेट जळली, हे मूळ दुखणं क्वचितच असतं. तेलाच्या दाबाने क्लच आवळणाऱ्या पिस्टनचं रबरी सील वर्षानुवर्षं तापून कडक होतं, तिथून तेलाचा दाब गळतो, क्लच पुरता आवळला जात नाही, प्लेटा घसरतात आणि घसरून जळतात. नव्या प्लेटा घालून जुनं सील तसंच ठेवलं, तर नव्याही जळणार. म्हणून प्रत्येक जळलेल्या भागासमोर बसून विचारायचं, इथला दाब कुठे गेला?

किट, म्हणजे दुरुस्तीच्या सुट्या भागांचा संच, मागवताना गाडीचं नाव पुरत नाही. एकाच मॉडेलच्या गाड्यांमध्येही वेगवेगळे गिअरबॉक्स बसवलेले असू शकतात. गिअरबॉक्सवरचा कोड वाचा आणि त्याच कोडाची दुरुस्ती-पुस्तिका मिळवा. साध्या किटमध्ये गॅस्केट, सील आणि रिंगा येतात, मोठ्या किटमध्ये फ्रिक्शन आणि स्टील प्लेटाही. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, मात्र सहसा किटमध्ये नसतो, आणि लोक फसतात ते इथेच. तो वेल्डिंगने बंद केलेला असतो, घरी उघडून धुता येत नाही. आत जळका चुरा असेल तर तो पुन्हा सगळीकडे फिरतो. पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, आतून जळाली असेल तर कन्व्हर्टर बदला, आणि तेल थंड करणारा कूलर व त्याच्या नळ्या धुऊन घ्या.

आता हत्यारं. पेटी सत्तर-ऐंशी किलोची असू शकते, त्यामुळे गिअरबॉक्स जॅक भाड्याने आणा, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवा. सर्क्लिपची (भाग जागेवर धरणाऱ्या कड्यांची) पक्कड, फट मोजायच्या पात्यांचं फीलर गेज, बारीक हालचाल मोजणारं डायल गेज आणि ठरावीक जोराने आवळणारा हलक्या मापाचा टॉर्क पाना लागतो. व्हॉल्व्ह बॉडीचे, म्हणजे तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाचे, बोल्ट बऱ्याच पेट्यांमध्ये 10 न्यूटन मीटरच्या आसपासच आवळतात, अंदाजाने आवळले की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. क्लचची स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर नसेल तर ते काम सुरूच करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर चेहऱ्यावर येते.

व्हॉल्व्ह बॉडी खाली घेताना तिच्यातल्या छोट्या गोळ्या टपाटपा पडतात. कुठली गोळी कुठल्या खोबणीत होती, हे नंतर आठवत नाही. सुटी करण्याआधी आणि करतानाही फोटो काढा. परत बसवताना गोळी जागेवर धरायला व्हॅसलीन लावा, ते गरम तेलात विरघळतं. ग्रीस नको, ते विरघळत नाही आणि बारीक वाटा बुजवतं. धागे सुटणारं फडकंही जवळ ठेवू नका. एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

पिस्टन बसवणं हे मला सगळ्यात आवडणारं काम. सीलला तेल लावायचं, त्याची पातळ कड कुठेही दुमडणार नाही हे बोटाने तपासायचं, फीलर गेजची गुळगुळीत पाती कडेने फिरवत पिस्टन हळूहळू आत सरकवायचा. अडला की जोर लावायचा नाही, बाहेर काढून पुन्हा. नव्या फ्रिक्शन प्लेटा निदान अर्धा तास गिअरबॉक्सच्याच तेलात भिजवून मग चढवायच्या. रचना झाली की प्लेटांमधली फट मोजा. फट जास्त असेल तर क्लच उशिरा धरतो, कमी असेल तर सुटत नाही. पुस्तिकेतल्या मापात बसेपर्यंत वेगळ्या जाडीची प्लेट किंवा सर्क्लिप लावावी लागते. शेवटी रबरी टोकाच्या नळीने, 30 ते 40 पीएसआय हवेने, प्रत्येक क्लच तपासा. चांगला क्लच बद्द आवाज करून धरतो. नुसती फुसफुस आली तर सील कापलंय.

पहिल्यांदा मी पेटी इंजिनाला लावली तेव्हा कन्व्हर्टर पुरता आत बसला नव्हता. पेटीचं बाहेरचं कवच इंजिनाशी जुळेना, म्हणून बोल्टांनी ओढून घेतलं, आणि नव्याकोऱ्या पेटीचा पंप फुटला. कन्व्हर्टर फिरवत फिरवत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने खाली उतरतो, प्रत्येक टप्पा हाताला कळतो. पेटी इंजिनाला टेकल्यावरही तो हाताने सहज फिरला पाहिजे, आणि इंजिनाच्या चकतीपासून काही मिलिमीटर मागे असला पाहिजे. तसं नसेल तर पेटी पुन्हा मागे घ्या, कितीही दमला असलात तरी.