आबी-लेची भिंत

नमस्कार श्रोतेहो.

वाईच्या घाटावर दिवेलागणीनंतर कधी बसला आहात? ऊन केव्हाच गेलेलं असतं, कृष्णेवरून गार झुळूक येत असते, आणि आपण बसलोय ती पायरी मात्र अजून कोमट असते. काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री सावकाश सोडतो. हीच पायरी उभी करून घराला लावली तर? अशा भिंतीने मला एका रात्री ऊब दिली आहे. ती गोष्ट सांगतो.

त्याआधी भिंतीची रचना. तीन गोष्टी लक्षात ठेवा: तोंड दक्षिणेला, रंग काळा, पुढे काच. पुन्हा सांगतो. दक्षिण, काळा, काच. काच आणि भिंत यांच्यात थोडी पोकळी असते. काच ऊन आत येऊ देते, तापलेल्या भिंतीची धग मात्र सहजी बाहेर जाऊ देत नाही. उष्णता अशा भिंतीतून साधारण तासाला अडीच सेंटीमीटर सरकते. म्हणजे वीतभर जाडीची भिंत दुपारी बाराला तापली, की तिची ऊब खोलीत पोचते रात्री आठला. नेमकी हवी तेव्हा. एडवर्ड मोर्स या अमेरिकन माणसाने 1881 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं, पण नाव राहिलं फेलिक्स त्रोंब यांचं. त्यांनी 1967 मध्ये वास्तुकार जॅक मिशेल यांच्यासह फ्रान्समधल्या ओदेयो गावी अशी घरं उभारली. म्हणून ही त्रोंब भिंत.

आणि दक्षिणच का? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो. लेहला डिसेंबरअखेर भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर असतो, त्यामुळे ऊन भिंतीच्या अंगभर पडतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, तेव्हा पुढे आलेलं छप्परच भिंतीला सावली देतं. माझं तर म्हणणं आहे, शाळेच्या पटांगणात एक काठी रोवावी आणि वर्षभर मुलांना तिची दुपारची सावली मोजायला लावावी. दिशा पुस्तकातून कळत नाहीत. असो.

तर लेह. साडेतीन हजार मीटर उंची, जानेवारी महिना. रात्री पारा उणे वीसच्या आसपास जातो, पण दिवसा आभाळ निळंभोर. थंडीही भरपूर आणि ऊनही भरपूर. जवळच्या एका गावात मी ज्या घरी उतरलो, तिथल्या आजीला सगळे आबी-ले म्हणत. तिला हिंदी येत नव्हतं, मला लडाखी. तिचा नातू मधे बसून दोघांचं बोलणं पोचवायचा.

दुपारी खोलीत शिरलो आणि आधी त्या भिंतीला हात लावला. गारच होती. मन खट्टू झालं. पण भिंतीला वर आणि खाली लाकडी झडपांची भोकं होती. वरच्या भोकातून चुलीजवळ यावी तशी ऊन हवा येत होती, आणि खोलीतली गार हवा खालच्या भोकातून पोकळीत ओढली जात होती. पंखा नाही, वीज नाही. मी त्या भोकाखाली हात धरून कितीतरी वेळ उभा राहिलो.

सूर्य डोंगराआड गेला तशी आबी-ले आली आणि दोन्ही झडपा लावून गेली. आम्ही थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, प्यायलो. आठ-साडेआठला भिंतीला टेकलो, तर पाठीला ऊब! ताप उतरत आलेल्या लेकराच्या कपाळासारखी.

झोपताना मात्र मला कोंडल्यासारखं झालं. मोकळ्या हवेची सवय. मी उठून दोन्ही झडपा उघडल्या. मध्यरात्री पाय बर्फात ठेवल्यासारखे झाले तेव्हा जाग आली. खालच्या भोकातून गारठा लोटत होता. रात्री सगळं उलटं होतं, श्रोतेहो. पोकळीतली हवा गार काचेला लागून जड होते, खाली उतरते आणि खालून खोलीत येते, आणि खोलीतली ऊन हवा वरून पळते. म्हणून लक्षात ठेवा: दिवसा झडपा उघड्या, रात्री बंद. दिवसा उघड्या, रात्री बंद!

माझी खुडबुड ऐकून आबी-ले अंधारात आली. दिवासुद्धा लावला नाही. चाचपून तिने दोन्ही झडपा लावल्या, माझा हात धरला आणि पंजा भिंतीवर टेकवला. भिंत अजून उबदार होती. आपला हात तिने माझ्या हातावर तसाच थोडा वेळ ठेवला आणि गेली.

आपल्याकडे पुण्या-नागपुरात ही भिंत बांधू नका. इथे उलट काम करायचं: पश्चिमेची भिंत उन्हापासून झाका, नाहीतर एप्रिलच्या रात्री तीच तुम्हांला भाजते. पश्चिमेला सगळी काच लावलेल्या इमारती बघून मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळी नातवाकरवी विचारलं, बुखारीला, म्हणजे खोली ऊबवायच्या शेगडीला, लाकूड किती लागतं? आबी-लेने मला छपरावर नेलं. कडेने रचलेलं सरपण आणि शेणाच्या गोवऱ्या दाखवल्या. पूर्वी त्या घरात ही रास लोसरपर्यंत, म्हणजे त्यांच्या डिसेंबरातल्या नववर्षापर्यंत, निम्मी व्हायची आणि बुखारीच्या धुराने तिचे डोळे सुजायचे. आता जानेवारी संपत आला होता. रास अजून माझ्या छातीला लागत होती.