प्रश्न पूर्ण विचारा : मराठवाड्यातले डीबीए आणि त्यांचे ऑनलाइन गट

[दृश्य : रात्रीची वेळ. साखर कारखान्याचा काटा, मागे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. काट्याच्या खोलीत संगणकाचा पडदा.]

गाळप हंगाम जोरात आहे. भरलेली गाडी काट्यावर येते, पहिलं वजन होतं. गव्हाणीत ऊस पडला की रिकामी गाडी परत काट्यावर, दुसरं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस. ही वजाबाकी आता डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीत होते. पडदा वीस-वीस सेकंद अडकायला लागला की रांग फाटकाबाहेर जाते, आणि तोडलेला ऊस जितका ताटकळेल तितका वाळतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे 14 दिवसांच्या आत द्यायचे असतात. त्यामुळे पंधरवड्याचं बिल काढायच्या दिवशी याच सर्व्हरवर दुप्पट भार येतो.

हा भार सांभाळणारा डीबीए, म्हणजे डेटाबेसचा कारभारी, मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. कारखाना, मोंढ्यातली आडत, पतसंस्था, दवाखाना, वाळूजमधल्या कंपनीचं स्टोअर, कुठेही बघा. प्रिंटर बंद पडला तरी हाक त्यालाच. पुण्या-बंगळूरला डेटाबेसवाल्यांचे मेळावे भरतात, पण हिंगोली किंवा धाराशिवहून तिकडे जायचं म्हणजे रात्रीचा प्रवास, रजा आणि खर्च. म्हणून अडचणीच्या वेळी त्याला आधार असतो तो ऑनलाइन गटाचाच. रात्री अकरा वाजता अनोळखी माणूस दुसऱ्याच्या सर्व्हरसाठी डोकं लावतो, एक पैसा न घेता. आमच्या मते तंत्रज्ञानाच्या जगातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि ती चुकीच्या सवयींमुळे वाया जाऊ नये.

[दृश्य : मोबाइलवर गटातला संदेश. पडद्याचा तिरपा, अंधुक फोटो. खाली 'सर, डेटाबेस स्लो झालाय, अर्जंट'.]

अशा संदेशाला उत्तर येत नाही, आणि तो दोष गटाचा नाही. 'स्लो झालाय' एवढ्यावरून कोणीच काही सांगू शकत नाही. उदाहरणाला पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊ. पूर्ण प्रश्नात आधी आवृत्ती येते, तीही नुसती 'पोस्टग्रेस 14' नाही, ठिपक्यानंतरच्या आकड्यासकट. मग टेबलची रचना, सगळ्या इंडेक्ससह (इंडेक्स म्हणजे ओळ झटकन शोधून देणारी सूची). अंदाजे ओळी किती. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, जशीच्या तशी. कालपर्यंत ठीक होतं की नाही आणि मधे काय बदललं, हेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्वेरी कशी चालली आणि कुठे वेळ गेला ते दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन अॅनालाइज'चा निकाल, 'बफर्स' (किती डेटा वाचला त्याचे आकडे) चालू ठेवून काढलेला आणि मजकूर म्हणून चिकटवलेला. फोटोतला आकडा कोणाला शोधता येत नाही, कॉपीही करता येत नाही.

इथे एक धोका आहे. एक्सप्लेन अॅनालाइज क्वेरी खरोखर चालवतं. नुसतं वाचणाऱ्या 'सिलेक्ट'ला चिंता नाही, पण 'डिलीट'पुढे ते लावलं तर ओळी खरंच उडतात. म्हणून आधी 'बिगिन', मग एक्सप्लेन, आणि लगेच 'रोलबॅक', म्हणजे झालेला बदल मागे घेणं. ही तिन्ही एकत्रच टाइप करायची.

निकालात काय बघायचं? प्रत्येक पायरीवर दोन आकडे असतात : प्लॅनरनं (क्वेरी कोणत्या रस्त्यानं चालवायची ते ठरवणाऱ्या भागानं) अंदाज केलेल्या ओळी आणि प्रत्यक्षात निघालेल्या ओळी. अंदाज 1 आणि प्रत्यक्ष 80,000 असेल तर टेबलची आकडेवारी बहुधा शिळी आहे. ती ताजी करणारी नुसती 'अॅनालाइज' ही वेगळी आज्ञा चालवून परत बघा. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वरचेवर सापडणारी दुसरी चूक क्वेरीतच असते. तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावून, तिचा मजकूर करून आजच्या तारखेशी तुलना केलेली असते. मग त्या रकान्याचा साधा इंडेक्स उपयोगाला येत नाही आणि अख्खं टेबल वाचलं जातं. 'आजच्या सुरुवातीपासून पुढे आणि उद्याच्या सुरुवातीच्या आधी' अशी अट लिहिली की इंडेक्स लागतो.

तिसरं कारण सहज दिसत नाही. पावती पहिल्या वजनाला तयार होते आणि दुसऱ्या वजनाला बदलते. पोस्टग्रेस बदललेली ओळ जागेवर खोडत नाही. नवी लिहितं आणि जुनी मेलेली म्हणून ठेवतं. म्हणजे प्रत्येक खेपेमागे एक मेलेली ओळ. ती साफ करणारा 'ऑटोव्हॅक्यूम' मूळ सेटिंगप्रमाणे टेबलच्या 20 टक्के अधिक 50 ओळी मेल्यावरच जागा होतो. 20 लाख ओळींच्या टेबलवर हा आकडा चार लाखांवर जातो. अशा टेबलपुरतं हे प्रमाण 2 टक्क्यांवर आणता येतं, आणि आणावंच. तरीही कचरा हटत नसेल तर चालू जोडण्यांच्या यादीत, म्हणजे 'पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी'त, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार उघडा ठेवून गप्प बसलेली जोडणी) शोधा. कोणीतरी बिलाचा पडदा उघडा टाकून जेवायला गेलेलं असतं. त्याचा व्यवहार उघडा असेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी साफ होत नाहीत. यावर वेळेची मर्यादा घालायची सोय आवृत्ती 9.6 पासून आहे, पण ती मुळात बंद असते.

[दृश्य : डेटाबेसच्या टेबलचा पडदा. नाव, मोबाइल, बँक खाते हे रकाने काळ्या पट्ट्यांनी झाकलेले.]

पूर्ण प्रश्न म्हणजे पूर्ण डेटा नव्हे. घाईत गटात टाकलेल्या चित्रात शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, आधार क्रमांक, खातं, सगळं दिसत असतं. काही जण तर 'जरा बघून सांगा' म्हणत अख्खा डम्प, म्हणजे सगळ्या डेटाबेसची एका फाइलीतली प्रत, पाठवतात. गटातल्या शेकडो फोनवर गेलेली फाइल परत घेता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा नसता तरी हे चूकच. तो डेटा आपला नाही, ज्यानं ऊस घातला त्याचा आहे.

मग मदत मागायची कशी? प्रत काढणाऱ्या 'पीजी डम्प'ला फक्त रचना काढायला सांगायचं, त्यात एकही ओळ येत नाही. मग ओळीनं आकडे तयार करणारं 'जनरेट सिरीज' वापरून दहा लाख खोट्या ओळी भरायच्या. साध्या मशीनवर हे पटकन होतं. मात्र खोटा डेटा सगळीकडे सारखा पसरवू नका. खऱ्या टेबलात निम्म्या पावत्या कारखान्याच्या एकाच शेतकी गटातल्या असतील तर खोट्यातही तसंच हवं. नाहीतर प्लॅनर वेगळा रस्ता धरतो, गटातल्या लोकांना अडचण दिसतच नाही, आणि 'आमच्याकडे तर चालतंय' एवढंच उत्तर येतं. एक्सप्लेनच्या निकालातही अटींमध्ये नावं आणि नंबर उमटतात. चिकटवण्याआधी तेही बदला.

[दृश्य : लाल अक्षरांत 'डिस्क 100 टक्के'.]

गटातलं प्रत्येक उत्तर चांगलं असतं असंही नाही. जोडणी होत नाही म्हटलं की कोणीतरी सांगतं, सगळ्या पत्त्यांना परवानगी द्या आणि पद्धत 'ट्रस्ट' ठेवा. जोडणी होते खरी. पण ट्रस्टचा अर्थ पासवर्ड विचारायचाच नाही, आणि 5432 पोर्ट (पोस्टग्रेसचं नेहमीचं दार) बाहेरच्या जगाला उघडं असेल तर तो डेटाबेस कोणाचाही झाला. तेवढाच वाईट सल्ला म्हणजे डिस्क भरली की 'पीजी वॉल' फोल्डरमधल्या फाइली उडवणं. त्या फाइलींमध्ये अजून मुख्य फाइलींत न उतरलेले बदल असतात. एकेक फाइल 16 एमबीची. त्या उडवल्या की वीज गेल्यानंतर डेटाबेस उठत नाही.

या फोल्डरचं नाव पूर्वी 'पीजी एक्सलॉग' होतं. नावात लॉग आहे म्हणून लोक ते बिनकामाचं समजून उडवत. 2017 मध्ये आलेल्या आवृत्ती 10 मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींनी ते नावच बदललं. वापरणाऱ्यांना मूर्ख ठरवण्यापेक्षा त्यांनी साधन सुधारलं. आम्हाला समुदाय असाच हवा आहे.

फोल्डर फुगतं त्याची नेहमीची कारणं दोन. एक, रेप्लिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर प्रत पाठवण्यासाठी राखलेला, जुना स्लॉट तसाच राहिलेला. दुसरा सर्व्हर केव्हाच बंद झाला, पण हा त्याच्यासाठी फाइली राखत बसलाय. दोन, या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी आर्काइव्हची कमांड फसतेय. आधी स्लॉटची यादी बघा आणि वापरात नसलेला स्लॉट काढून टाका. मग आर्काइव्हची शेवटची चूक वाचा आणि तिचं कारण दूर करा. पुढच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे बदल मुख्य फाइलींत उतरवले की, पोस्टग्रेस नको असलेल्या फाइली स्वतःच काढतं. हल्ली असे सल्ले चॅटबॉटकडूनही येतात, तितक्याच ठामपणे. सल्ला माणसाचा असो की यंत्राचा, आधी बॅकअपवरून उभ्या केलेल्या दुसऱ्या प्रतीवर चालवून बघा.

[दृश्य : 2017 चं कॅलेंडर, 31 जानेवारी. मग सर्व्हरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची ओळ.]

31 जानेवारी 2017 ला प्रोग्रॅमचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्यानं दुय्यम सर्व्हरचं फोल्डर समजून मुख्य सर्व्हरचं फोल्डर उडवलं. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. रोजचे डम्प घ्यायला गेले तर ते नव्हतेच. डम्पचं साधन 9.2 आवृत्तीचं, डेटाबेस 9.6 चा, प्रत्येक वेळी ते फसत होतं. फसल्याचे ईमेलही पलीकडे नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. सुमारे सहा तास आधी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होता म्हणून बाकीचं वाचलं, पण मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीनं हे लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि नंतर कारणांचा सविस्तर अहवाल लिहिला. तो अहवाल वाचून कोणत्याही डीबीएला आपला बॅकअप उघडून पाहावासा वाटेल.

आपल्याकडेही हे करता येतं. रविवारी, काट्यावर गर्दी कमी असताना, शेवटचा डम्प दुसऱ्या मशीनवर चढवायचा. तो चढायला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं, कारण सर्व्हर पडल्यावर अध्यक्षांपासून स्लिप बॉयपर्यंत सगळे तेच विचारणार. मग मुख्य टेबलांच्या ओळी मोजायच्या आणि सगळ्यात अलीकडच्या पावतीची तारीख-वेळ बघायची. फाइल तयार होते म्हणजे बॅकअप झाला, असं नसतं.

[दृश्य : मोबाइलवर भराभर वर सरकणारे संदेश. 'सुप्रभात'ची चित्रं, मधेच एक तांत्रिक प्रश्न.]

गटांना खरा त्रास आहे तो 'पर्सनलवर या'चा. अडचण खासगीत सुटते आणि चार महिन्यांनी परभणीतला दुसरा कोणी तोच प्रश्न विचारतो. ज्याचं काम झालं त्यानं परत येऊन दोन ओळी टाकल्या पाहिजेत : कारण काय निघालं, काय केलं, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो. फोन बदलला की व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या गप्पा बहुतेकांच्या हरवतात. म्हणून चांगलं उत्तर जिथे बाहेरच्यालाही शोधून सापडेल अशा उघड्या जागी ठेवावं, एररचा संदेश रोमन लिपीत जसा आला तसा, आणि खाली मराठीत खुलासा. नवख्याची खिल्ली उडवणाऱ्याला मात्र गटप्रमुखानं तिथल्या तिथे थांबवावं. ज्याला एकदा सगळे हसले तो पोरगा परत विचारत नाही, आणि पुढची चूक तो थेट चालू सर्व्हरवर करतो.

जगाकडून इतकं घेतो, तर आपण द्यायचं काय? आपल्याकडे असं ज्ञान आहे जे परदेशातल्या तज्ज्ञाला सहसा नसतं. मराठी डेटाचं ज्ञान.

[दृश्य : पडद्यावर दोन ओळी. दोन्हींत 'कुऱ्हाडे'. शोधल्यावर एकच सापडते.]

यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला (अक्षर, काना, हलंत असं प्रत्येक चिन्ह) तीन बाइट लागतात. 'मराठवाडा' डोळ्यांना पाच अक्षरं, पण काने धरून आठ संकेत, म्हणजे 24 बाइट. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी मूळ सेटिंगप्रमाणे बाइटमध्ये मोजतात. तिथे 20 चा रकाना केला तर हे एवढं नावही मावत नाही. लांबी अक्षरांत मोजायला स्पष्ट सांगावं लागतं. एसक्यूएल सर्व्हर या आणखी एका डेटाबेसमध्ये साध्या व्हारकॅर (मजकुराच्या) रकान्यात मराठी घातलं, किंवा मजकुरापुढचा 'एन' विसरला, की नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. ती नंतर कुठल्याच युक्तीनं परत नाव होत नाहीत. नाव पुन्हा टाइपच करावं लागतं.

सगळ्यात फसवं प्रकरण 'कुऱ्हाडे'सारख्या नावांचं. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवरून 'ऱ' आणि हलंत येतो. दुसऱ्यावरून साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारा जोडणारा संकेत. छापल्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी माणसं. एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात, ऊस एकावर जमा आणि उचल दुसऱ्यावर. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या संकेतांत आलं तर ते एकसारखं करणं), जे पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती 13 पासून 'नॉर्मलाइझ' नावानं मिळतं, ते हे दोन प्रकार एक करत नाही. तो न दिसणारा संकेत नुसता पुसून टाकणंही चूक. पुसला की र चा रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर बसतो आणि नाव बिघडतं. त्या तिन्ही संकेतांच्या जागी 'ऱ' आणि हलंत हे दोन बसवायचे. त्यानंतर प्रमाणीकरण चालवायचं, म्हणजे र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा सुटा टाइप झालेला तिसरा प्रकारही त्यातच येतो. जुन्या ओळी दुरुस्त करण्याआधी दुबार खाती कोणती होतील याची यादी काढून कारखान्याच्या शेतकी विभागाला दाखवा; खाती एकत्र करायचा निर्णय त्यांचा. आणि पुढे परत तसं होऊ नये म्हणून हेच बदल नोंद साठवतानाच ट्रिगरनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञेनं, करा.

नाव दिसतंय पण शोधल्यावर सापडत नाही, याचं आणखी एक कारण असतं. सर्व्हरची लिनक्स बदलली आणि त्यासोबत 'ग्लिबसी' (मजकुराचा क्रम ठरवणारी लिनक्सची मूळ लायब्ररी) 2.28 च्या आधीच्या आवृत्तीवरून 2.28 किंवा त्यापुढे गेली, की मजकुराचा क्रम बदलतो आणि जुने इंडेक्स चुकीच्या क्रमानं राहतात. अशा वेळी मजकुराच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स' करावे, म्हणजे नव्यानं बांधावे लागतात. आधी साध्या टेबलवाचनानं नाव मिळतं का ते तपासा. तसंही मिळालं नाही तर अडचण अर्ध्या र ची, मिळालं तर इंडेक्सची.