तोंडातला फोटो स्वच्छ कसा येईल

राम राम, श्रोतेहो. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या दवाखान्यांतून दाढांचे किंवा गुटख्याने पडलेल्या पांढऱ्या चट्ट्यांचे फोटो मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जातात. त्यांतले बरेच तिथे नीट वाचता येत नाहीत. कॅमेरा महागडा असतो, पण तो ‘ऑटो’वर सोडलेला असतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

ऑटोवरचा कॅमेरा अंधारलेलं तोंड बघून छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं उघडतो. एफचा आकडा जितका मोठा, तितकं हे छिद्र लहान. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दात सेन्सरवर निम्म्या आकारात टिपले, तर एफ ५.६ ला जेमतेम दोन मिलिमीटर खोली स्पष्ट येते. एफ २२ ला ती आठ मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणून मॅन्युअल मोड, एफ २२, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० किंवा २०० आणि शटर १/१२५ ते १/२०० सेकंद ठेवा. फ्लॅशच्या सिंक मर्यादेपेक्षा, म्हणजे फ्लॅश ज्या वेगापर्यंत शटरशी जुळतो त्यापेक्षा, शटर जलद केलं, तर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. एफ ३२ च्या पुढे जायचा मोह टाळा. तिथे प्रकाश पसरून सगळंच मऊ दिसू लागतं.

एवढ्या लहान छिद्राला खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड पुरत नाही. रिंग फ्लॅश किंवा दोन बाजूंचा ट्विन फ्लॅश हवाच. चट्ट्याचा खडबडीतपणा दाखवायचा असेल, तर ट्विनच बरा. रिंगमध्ये पृष्ठभाग सपाट दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दिसण्याची सेटिंग, फ्लॅशवर किंवा ५५०० केल्विनला ठेवा. खुर्चीवरचा दिवा फोकस जुळेपर्यंतच लावा, मग बाजूला वळवा. नाहीतर त्याचा रंग दातांवर उतरतो.

फोकसही हाताने करा. पण लेन्सवरची फोकसची रिंग फिरवत बसू नका. आकार ठरला की कॅमेराच पुढेमागे सरकवा. समोरून फोटो घेताना पुढच्या दातांवर नाही, सुळ्यावर नेम धरा. स्पष्टता पुढेमागे वाटली जाते.

आता आरसा. घरगुती आरशाला चकाकणारा मुलामा काचेमागे असतो, त्यामुळे दाताची दुहेरी कड येते. पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेला दंतआरसाच घ्या. डिसेंबरच्या गारठ्यात तो श्वासाने लगेच धुकटतो, म्हणून कोमट पाण्यात बुडवून पुसा आणि मदतनीसाला सिरिंजची हवा हळू मारायला सांगा. लाळ आधी शोषून घ्या, कारण तिच्यावर फ्लॅशचे पांढरे ठिपके उमटतात. आरसा थोडा प्रकाश गिळतो, तेवढी फ्लॅशची ताकद वाढवा. फोकस आरशाच्या कडेवर नको, त्यातल्या प्रतिमेवर हवा.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. आरशातला फोटो उलटा असतो. पाठवण्याआधी तो आडवा पलटवा आणि फाइलच्या नावात दाताचा क्रमांक व बाजू लिहा. नाहीतर उजवी दाढ दुखत असताना तिकडचे तज्ज्ञ डाव्या दाढेवर सल्ला देऊन मोकळे होतील.