व्हेनिसमधला शेवटचा दिवस आणि गोडं पाणी

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

नमस्कार मंडळी. समोर माझे जुने विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्या आया बसल्या आहेत, त्यामुळे पाहुण्यासारखं बोलायची गरज नाही. मागच्या वर्षी लेकीकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा तिनं आम्हा दोघांना चार दिवस व्हेनिसला नेलं. पहिल्या तीन दिवसांत जे पाहिलं ते तुम्ही फोनवरही पाहिलं असेल. ते मी लवकर आटोपते. मला बोलायचं आहे ते चौथ्या, शेवटच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी मला माझी माय फार आठवली.

व्हेनिस खाऱ्या पाण्याच्या खाजणात वसलेलं आहे. लहान-मोठी ११८ बेटं आणि त्यांना जोडणारे ४०० हून जास्त पूल. मधून इंग्रजी एस अक्षरासारखा वळणारा पावणेचार किलोमीटरचा मोठा कालवा जातो. शहरात एकही मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. आजारी माणूस नावेतून दवाखान्यात जातो, भाजी नावेतून येते, कचरा नावेतून जातो. घरं उभी आहेत ती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर. रिआल्टोचा दगडी पूल १५९१ साली पुरा झाला, त्याच्या खाली असे सुमारे १२,००० खुंट आहेत. गाळात हवा पोचत नाही म्हणून लाकूड लवकर सडत नाही. सातवीच्या वर्गाला हे शिकवताना मला स्वतःला ते पूर्ण पटलेलं नव्हतं. तिथे उभी राहिले तेव्हा पटलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. नावेत बसणं लेकीनं त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, आणि सकाळपासून पाऊस लागला. आम्ही एका लहान चौकात, एका घराच्या दारातल्या आडोशाला उभे राहिलो. आमचे हे छत्री झटकत होते, लेक फोनवर पावसाचा अंदाज बघत होती. मी फरशीकडे बघत होते. दहा पावलांवर कालवा होता, पण फरशीवरचं पाणी कालव्याकडे जात नव्हतं. ते चौकाच्या मधल्या भागाकडे वळत होतं आणि जमिनीत बसवलेल्या, भोकं पाडलेल्या दगडांतून खाली उतरत होतं. असे चार दगड होते, आणि त्या चारांच्या मधोमध एक दगडी विहीर. तिच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं.

कालव्याच्या काठावर विहीर कशाला? मी लेकीला म्हटलं, नाव राहू दे, मला हे समजून घ्यायचं आहे. उरलेला दिवस आम्ही विहिरी बघत फिरलो.

आता आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण मुलांसाठी सांगते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून शेकडो गावांच्या जमिनीखाली खारं पाणी आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. माय डोक्यावर गुंड घेऊन दीड कोस लांबून गोडं पाणी आणायची. त्या पाण्याचा माठ वेगळा असे. त्यातलं पाणी डाळीला आणि पाहुण्याला. आम्ही पोरं खारंच प्यायचो. मी कधी त्या माठात चोरून तांब्या बुडवला तर ती म्हणायची, “पोरी, डाळीचं हाये वं ते.” रागावायची नाही. तेवढंच म्हणायची.

व्हेनिसचं दुखणं हेच होतं. मारीन सानुदो नावाचा तिथला रोजनिशीकार होता, त्यानं लिहून ठेवलं आहे की व्हेनिस पाण्यात आहे आणि त्याला पाणी नाही. जमिनीत खोदलं तरी खारंच लागणार. म्हणून त्यांनी विहिरीच्या नावाखाली जे बांधलं ते आपल्या विहिरीसारखं नाही. नीट ऐका, मला हे फार आवडलं आहे.

चौकात पाच-सहा मीटर खोल मोठा खड्डा खणायचा. त्याच्या तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड थर थापायचा, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही. मधोमध विटांची गोल नळी उभी करायची, तिच्या खालच्या भागातून पाणी झिरपू द्यायचं. उरलेला सगळा खड्डा स्वच्छ रेतीनं भरायचा आणि वरून फरशी घालायची, तिला त्या चार दगडांकडे उतार द्यायचा. पाऊस पडला की पाणी भोकांतून खाली जातं, रेतीतून गाळत-गाळत मधल्या नळीत येतं, आणि वर बाई दोर सोडून ते काढते. म्हणजे जी विहीर दिसते ते फक्त तोंड. खरी टाकी अख्ख्या चौकाखाली. आपण ज्या फरशीवर उभे होतो तीच त्यांचं पाणलोट क्षेत्र होती!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शहरात अशा ६,००० हून जास्त विहिरी होत्या. बहुतेक घरांच्या आतल्या अंगणात, छपराच्या पन्हाळीचं पाणी घेणाऱ्या. चौकातल्या विहिरी सगळ्यांच्या, पण त्यांना कुलूप असे. किल्ली मोहल्ल्याच्या मुख्याकडे. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजली की झाकण उघडायचं. घाण भांडं विहिरीत सोडायला बंदी होती. भरतीचं पाणी चढलं तर विहीर नासते, म्हणून काही ठिकाणी विहिरीचा ओटा पायऱ्या करून उंच बांधलेला आहे.

एका चौकातल्या विहिरीची गोष्ट सांगते, आंजेलो राफाएले चर्चजवळची. मार्को आरियन नावाचा माणूस १३४८ च्या प्लेगमध्ये गेला. रोग खराब पाण्यातून येतो असं त्याला वाटत होतं. मरताना त्यानं विहिरीसाठी पैसे ठेवले. प्लेगबद्दल त्याचा अंदाज चुकला, पण ती विहीर पावणेसातशे वर्षांनी अजून उभी आहे. मी तिच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. आपल्याकडेही मेलेल्या माणसाच्या नावानं पाणपोई घालतात.

काठ म्हणताना आठवलं. एका विहिरीच्या दगडी तोंडावर दोरानं खाचा पडल्या आहेत. बोट आत बसतं एवढ्या खोल. आमच्या गावच्या जुन्या विहिरीला तशाच खाचा आहेत. तिथे पाणी वाहणाऱ्या बायका होत्या, बिगोलांती म्हणत त्यांना. बिगोलो म्हणजे खांद्यावरची वाकडी काठी, दोन टोकांना दोन बादल्या. आपली कावडच. बहुतेक बायका डोंगराळ मुलखातून पोटासाठी आलेल्या. डोजच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या प्रमुखाच्या, महालात सोळाव्या शतकातली कांस्याची दोन विहीरतोंडं आहेत, तिथूनही त्या पाणी भरत. ती मी दुसऱ्या दिवशी पाहिली होती, फोटो काढला होता आणि पुढे गेले होते. त्या बायकांचं मला काहीच माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं.

पाऊस कमी पडला की ब्रेंटा नदीचं पाणी नावांतून आणून त्या चार भोकांत ओतत. आपल्या टँकरसारखंच. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळ आला आणि विहिरींची झाकणं बंद झाली. भरतीचा त्रास मात्र राहिला. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. आता समुद्राच्या तोंडाशी ७८ लोखंडी दारं बसवली आहेत, २०२० च्या ऑक्टोबरपासून ती गरजेला उचलतात.

आता एक हिशेब, कारण तो मी इथे आल्यावर केला. व्हेनिसला वर्षाचा पाऊस साधारण आपल्याइतकाच आहे, सातशे-आठशे मिलिमीटर. फरक एवढाच की तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि आपला चार महिन्यांत कोसळतो, म्हणून आपल्याला टाकी मोठी लागेल. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. या वाचनालयाची टिनं मी काल मोजली. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ७२ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर धरला तर ५०,४०० लिटर. वाया गेलेलं सोडून ४०,००० हाती आलं तरी पाच माणसांच्या चार घरांचं वर्षभराचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी होतं. शहानूर धरणाचा नळ आला म्हणून आपण हा विचार सोडला आहे. नळ हवाच, मी नळाच्या विरोधात नाही. पण नळ येण्याआधी माझ्या मायनं किती कोस चालून पाणी आणलं आणि पन्हाळीतून किती गोडं पाणी डोळ्यांदेखत पूर्णेत गेलं, हे त्या चौकात उभं राहून माझ्या पहिल्यांदा मनात आलं. तेव्हा ती नव्हती, तिला सांगता आलं नाही.

दुपारनंतर पाऊस थांबला. नाव राहिलीच. स्टेशनकडे जाताना एका चौकात विहिरीच्या शेजारी लहानसा लोखंडी नळ होता, पाणी सतत चालू. तिथे येणारा-जाणारा कोणीही पिऊ शकतो. मी बाटली भरून घेतली.

सांता लुचिया स्टेशनातून गाडी सुटली की लगेच खाजणावरचा पूल लागतो. रेल्वेचा हा पूल १८४६ सालचा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी, लांब मागे घंटाघराचं टोक. मी बाटली उघडली. आधी यांना दिली, मग लेकीला, मग मी प्यायले. पाणी गोडं होतं.