आपोआप होणारं जेव्हा थांबतं

मंडळी, पार्किन्सन्स म्हटलं की डोळ्यांसमोर थरथरता हात येतो. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांचं वर्णन करणारा निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच थरथर होती. त्यातले काही रुग्ण तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. निरीक्षण विलक्षण अचूक, पण आजाराला कंप चिकटला तो कायमचा. प्रत्यक्षात साधारण चारातल्या एकाला कंप नसतोच. असतो त्यांचाही हात बहुधा मांडीवर स्वस्थ पडलेला असताना हलतो, काही उचलायला पुढे केला की थांबतो. मला विचाराल तर कंप चारचौघांत उठून दिसतो, पण माणसाला अडवणारं काही वेगळंच असतं.

या आजारात मेंदूच्या खोलवरच्या एका भागातल्या, डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हालचालीत फरक दिसू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. काहींना त्याआधी कित्येक वर्षं वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतं, झोपेत स्वप्नातल्यासारखे हातपाय झाडले जातात. (पोट साफ होत नाही म्हणून इथल्या कुणी लगेच घाबरून जाऊ नका. त्याची कारणं शंभर असतात.)

या डोपामिनच्या जोरावर आपण कितीतरी गोष्टी लक्ष न देता करतो. चालताना हात हलतात, पापण्या मिटतात, लाळ गिळली जाते. आजारात नेमकं हे 'आपोआप' जातं. सही करायला सांगा. पहिलं अक्षर नेहमीसारखं येतं, आडनावापर्यंत पोचेस्तोवर अक्षरं मुंगीएवढी होतात. लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, गिळायचं राहून जातं म्हणून. चेहऱ्यावरचे भाव आटतात आणि घरच्यांना वाटतं, हे सारखे रागावलेलेच असतात. आतून माणूस तुमच्या विनोदावर हसत असतो हो!

पण मुद्दाम लक्ष देऊन हालचाल करण्याची वाट बरीचशी शाबूत असते. म्हणूनच सपाट फरशीवर पाय न उचलणारा माणूस जिना मात्र झपझप चढतो आणि 'नाटकं करतात' असं ऐकून घेतो. नाटक नव्हे ते. प्रत्येक पायरी नजरेला सांगत असते, इथे पाय ठेव.

दारात पाय जमिनीला चिकटले, तर हाताला धरून ओढू नका. ओढलं की पाय तिथेच राहतात, धड पुढे जातं आणि माणूस पडतो. थांबू द्या. ताठ उभं राहायला सांगा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या आणि मग 'एक, दोन' म्हणत मोठं पाऊल. तुमचा पाय त्यांच्या पुढ्यात आडवा ठेवून 'हा ओलांडा' म्हटलं तरी पुष्कळदा जमतं. जिथे नेहमी अडतं तिथे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, लहानसं अर्धवर्तुळ घेत वळावं. आणि चालत्या माणसाला गप्पांत ओढू नका. त्याचं चालणं आता पूर्ण लक्षाचं काम आहे. आवाजाचंही तेच. त्यांना ओरडल्यासारखं वाटेल इतक्या जोरात ते बोलतात, तेव्हा आपल्याला ते साधं बोलणं ऐकू येतं.

आता औषध. डोपामिनची गोळी दिली तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. वाटेतच त्याची नासाडी होऊ नये आणि मळमळ कमी व्हावी म्हणून सोबत बहुधा कार्बिडोपा असतं. १९६७ मध्ये मोठ्या डोसचा गुण दिसला आणि आजही याहून गुणकारी गोळी नाही. 'आत्ताच सुरू केली तर पुढे लागू पडणार नाही' ही भीती मात्र खोटी. काही वर्षांनी एका गोळीचा असर कमी वेळ टिकतो, ते मुख्यतः आजार पुढे सरकल्यामुळे. गोळी मागे ठेवून काही वाचत नाही.

इथून पुढे कारभार घड्याळाचा. अन्नातली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर या औषधाशी स्पर्धा करतात, म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. प्रथिनं बंद मात्र करू नका, वजन घटतं.

एक वही ठेवा. गोळी किती वाजता घेतली, अंग कधी मोकळं झालं, कधी परत जखडलं. अंग नागमोडी वळवळत असेल तर त्याला कंप म्हणू नका. ते बहुधा औषधाचा जोर असताना होतं आणि त्याचा इलाज वेगळा. नीट सांगता येत नसेल तर मोबाइलवर शूटिंग करून डॉक्टरांना दाखवा. दहा मिनिटांच्या तपासणीत त्यांना ते दिसेलच असं नाही.

शेवटचं, खिशातल्या कार्डाबद्दल. त्यावर गोळ्यांची नावं आणि वेळा लिहा, आणि खाली ठळक लिहा: 'उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये.' ते डोपामिनचं काम अडवतं. दुसऱ्या कुठल्या कारणाने दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, तर ते कार्ड आधी नर्सच्या हातात द्या आणि गोळ्यांची वेळ चुकणार नाही हे विचारून घ्या. लेव्होडोपाची गोळी एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं.